पोटातली चाळणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं, हे का तुम्हांला सांगायला हवं? पण याच साध्या गोष्टीवर एखाद्या माणसाचं जगणं अवलंबून असतं, हे मला सासूबाईंच्या आजारपणात कळलं.

त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी घरी करायचं पोटाचं डायलिसिस सुचवलं. आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असतं. त्याला उदरावरण म्हणतात. पोटात बसवलेल्या नळीतून ग्लुकोजचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं नि काढून टाकायचं. अस्तरातून रक्तातली घाण त्या पाण्यात झिरपते आणि मीठ जसं कैरीचं पाणी ओढतं, तशी ही साखर अंगातलं जादा पाणी ओढते.

दोनएक महिन्यांत सासूबाईंचे पाय सुजले. दोन लिटर पाणी आत जाई, बाहेर मात्र तेवढंही येईना. मला वाटलं, या चोरून पाणी पितात! मी माठावर नजर ठेवली, चार शब्द बोललेही. त्या गप्प बसल्या.

मग डॉक्टरांनी ‘पेट’ तपासणी केली. (कॅन्सरसाठी करतात तो पेट स्कॅन वेगळा.) अमेरिकेतल्या डॉ. त्वार्दोव्स्की यांनी १९८७ साली ही पद्धत मांडली. रात्रीचं पाणी काढून दोन लिटर नवं पाणी भरतात आणि चार तास ठेवतात. सुरुवातीला, दोन तासांनी व चार तासांनी त्यातलं थोडं तपासायला घेतात. मध्ये एकदा रक्तही घेतात. रक्तातल्या क्रिएटिनिनच्या मानाने पाण्यात किती उतरलं आणि साखर किती उरली, यावरून चाळणी कशी ते ठरतं. क्रिएटिनिनचं हे प्रमाण शेवटी ०.८१ च्या वर गेलं तर चाळणी जलद, ०.५० च्या खाली राहिलं तर मंद. बहुतेकांची मधलीच असते.

सासूबाईंची जलद निघाली. मी म्हटलं, मग बरंच की! पण तसं नव्हे. घाण भराभर उतरते, तशी साखरही भराभर रक्तात शिरते. मग पाणी ओढणार कोण? उलट तेच अंगात परत जिरतं. अशांचं पाणी लवकर लवकर बदलावं लागतं. आता रात्री यंत्र ते काम करतं. मंद चाळणीवाल्यांचं पाणी चांगलं निघतं, पण घाण उतरायला वेळ लागतो, म्हणून ते जास्त वेळ ठेवतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर आत गेलेलं नि बाहेर आलेलं पाणी, वजन, सूज रोज वहीत लिहा. तपासणीआधी रात्रीचं पाणी किती तास ठेवायचं ते विचारून घ्या, आपल्या मनाने काढू नका. मधुमेह असेल तर इन्सुलिनबद्दलही विचारा. पोटात जंतुसंसर्ग झाला असेल तर ही तपासणी महिनाभर तरी पुढे ढकलतात. आणि बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तपासणीहून परतताना मी रिक्षात सासूबाईंचा हात धरला आणि म्हटलं, “आई, चुकले मी.” त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, मलाच वाटत होतं, आपलंच काही चुकतंय.”

सूज उतरली, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.