दारातलं झाड आणि वळवाचा वारा

रोहिणी लागल्या, मृगाला पंधराच दिवस राहिलेत. पापड-कुरडया उन्हातून आत आल्या असतील, कौलं शेकारून झाली असतील. पावसाआधीच्या कामांत एक काम मात्र आपल्या बहुतेकींच्या ध्यानातून सुटतं. ते म्हणजे दारातल्या झाडाकडे मान वर करून बघणं. आज त्याबद्दल बोलायचंय.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या फाटकाशी एक गुलमोहर होता, माझ्या लग्नाच्या वर्षी सासऱ्यांनी लावलेला. मे महिन्यात तो लालभडक व्हायचा आणि त्याच्या सावलीत आमच्या बचत गटाची बैठक भरायची. एका संध्याकाळी वळीव आला. दहा मिनिटंच वारा होता, पण मांडीएवढी जाड फांदी कडकन मोडली आणि आम्ही सतरंजी घालतो नेमकी तिथेच पडली. बैठक दुसऱ्या दिवशी होती म्हणून वाचलो.

पण मला सांगायचंय ते त्यानंतर मी काय केलं ते. सकाळीच मी झाडं तोडणाऱ्या एका माणसाला हाक मारली. "दादा, हे झाड आजच्या आज खाली घ्या. किती घ्याल?" एवढंच विचारलं. त्याच्याजवळ कोयता, कुऱ्हाड आणि एक जुना दोर होता. तो वर चढला, कमरेचा दोर एका फांदीला बांधला आणि तीच फांदी त्याच्या वजनानं गेली. तो फरशीवर पडला. मांडीचं हाड मोडलं, आठ महिने घरी बसला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, त्यात काही मोठेपणा नाही. त्याची बायको मला एकदाच म्हणाली, "बाई, तुम्हाला तर झाडातलं कळतं ना?" मी बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. तिला काय उत्तर देणार?

तर जे मी त्या दिवशी त्याला सांगायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगते.

सगळी झाडं सारखी मोडत नाहीत. चिंचेची फांदी वाऱ्यात लवते, करकरते, पण सहसा सोडत नाही. गुलमोहर मुळात मादागास्करचा, रूपासाठी आणलेला. तो भराभर वाढतो आणि भराभर वाढणाऱ्या झाडाचं लाकूड बहुधा हलकं, ठिसूळ असतं. त्यात त्याचा पसारा छत्रीसारखा आडवा, आणि मुळंही पसरणारी, फार खोल न जाणारी. पीतमोहर म्हणजे पिवळा गुलमोहर, रस्त्याकडेचा रेन ट्री, सुबाभूळ, निलगिरी, ज्याची फुलं आपण वेणीत माळतो तो बुच, पांगारा, आणि परसातला आपला लाडका शेवगा, हे सगळे मोडणाऱ्यांतले. म्हणून ती वाईट झाडं आहेत असं नाही. त्यांच्याखाली काय असावं आणि काय नसावं, एवढंच ठरवायचं.

आणखी एक गोष्ट आपणच करतो. दरवर्षी झाडाचा शेंडा छाटून त्याला बोडकं करतो. वाटतं, ओझं कमी झालं. पण छाटलेल्या जागी जे धुमारे फुटतात ते वरवरच्या थरातून फुटतात, मूळ फांदीसारखे आत खोल रुतलेले नसतात. चार-पाच वर्षांत तेच जाड, जड होतात, आणि खालचा कापलेला भाग तोवर पाणी मुरून कुजलेला असतो. आमची पडलेली फांदी असलाच एक धुमारा होती. मोडलेल्या जागी बघितलं तर आत काळा भुगा होता.

आता बघायचं कसं? सकाळच्या उजेडात झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्यापासून सुरुवात करा. मुळाशी किंवा खोडावर कडक, फळीसारख्या अळंब्या आल्या असतील तर आत कूज आहे असं समजा. लाकडी बत्त्यानं खोड ठोकून बघा, पोकळ जागी आवाज बदलतो. भोकातून भुसा गळत असेल तर खोडकिडा आहे. वाळवीची माती दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका, पुष्कळदा ती नुसती मेलेली साल खात असते. ती माती खरवडून खालचं लाकूड घट्ट आहे का ते बघा. जन्मापासून कललेलं झाड स्वतःला सावरून घेतं. यंदा कललेलं झाड सावरलेलं नसतं. त्याच्या कलाच्या उलट बाजूची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली दिसली, तर त्या झाडाखालून मुलांना जाऊ देऊ नका. गेल्या वर्षा-दोन वर्षांत नळासाठी, गटारासाठी बुंध्याजवळ चर खणला होता का, तेही आठवा. मुळं तुटलेली वरून दिसत नाहीत.

मग मान वर करा. दोन फांद्या जिथे अगदी चिंचोळ्या होऊन फुटतात, तिथे मध्ये साल अडकते आणि जोड कच्चा राहतो. तिथे उभी चीर दिसते का बघा. बाकी झाड हिरवं असताना एखादी फांदी वाळकी असेल तर ती कधीतरी पडणारच. पांगारा, सावर हिवाळ्यात निष्पर्णच असतात, त्यांची ही परीक्षा पावसाळ्यात करायची.

एवढं बघितल्यावर पुष्कळदा कळतं की अख्खं झाड काढायची गरज नाही, दोन फांद्या काढल्या की भागतं. आमचंही भागलं असतं. फांदी काढताना बुंध्यापासून हातभर लांब, आधी खालून तिसरा हिस्सा कापतात, मग थोडं पुढे वरून. त्यानं फांदी सुटताना खोडाची साल सोलत नाही. राहिलेला खुंट मग बुडाशी जो फुगवटा असतो त्याच्या बाहेरून कापायचा, फुगवटा ठेवायचा. जखम तिथूनच भरते. हे काम हिवाळ्यात करावं. आत्ता मेमध्ये कावळ्यांची घरटी असतात आणि झाडावर चढणाऱ्यांना तर मान वर करायला फुरसत नसते.

झाड काढायचंच ठरलं तर आधी परवानगी. धोक्याचं असलं तरी. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. नगरपालिकेत वृक्ष अधिकाऱ्याकडे फोटोसह अर्ज द्यावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या आणि त्यावरच्या झाडांना पुरातन वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. त्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग अशी झाडं नावानिशी आहेत. झाड आपल्या बांधावरचं असलं म्हणून आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

मग वीज. फांदी तारेच्या जवळपास असेल तर १९१२ वर फोन करून महावितरणकडून प्रवाह बंद करून घ्यायचा. बंद झाला हे त्यांच्या माणसानं सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. शेंगा काढायची आपली लोखंडी आकडी आणि ओला बांबू तारेजवळ नेऊच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी बहुतेक वेळा माणूस ठरवते ती बाई, म्हणून तुम्हालाच सांगते. पैशाआधी विचारा: डोक्याला हेल्मेट आहे का, कमरेला पट्टा आहे का, खाली दोर धरायला दुसरा माणूस आहे का? पट्ट्याचा दोर कापायच्या फांदीला नाही, जिवंत जाड खोडाला बांधायचा. फांदी दोरानं बांधून हळूहळू खाली सोडायची. शाबूत झाड जमिनीपासून पाडताना पडायच्या बाजूला खाच घेतात आणि मागच्या बाजूनं कापताना मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवतात. ती बिजागरीसारखी झाडाला हव्या बाजूला नेते. पण पोकळ, ठिसूळ झाडात ती पट्टी तग धरत नाही, झाड भलतीकडेच जातं. म्हणून असल्या झाडावर चढायचंही नाही. शिडीच्या गाडीवरून, वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी उतरवायचं. महाग पडतं. आठ महिन्यांच्या मजुरीहून स्वस्त पडतं.

वादळात उन्मळून पडलेलं झाड तर आणखी फसवं असतं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात परसापरसात अशी झाडं आडवी होती. दबलेली फांदी कापली की धनुष्यासारखी उसळते. बुंधा कापला की मुळांचा गड्डा कधीकधी परत उभा होऊन खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात मुलं खेळायला उतरतात. त्यांना आधी बाहेर काढा.

शेवग्याचं मात्र सोपं आहे. त्याच्यावर कधीच कोणाला चढवू नका, शेंगांनी लगडलेली फांदी आवाजही न करता मोडते. रोप असतानाच तीन-चार फुटांवर शेंडा खुडा आणि दरवर्षी शेंगा संपल्या की फांद्या आखूड करा. झाड बुटकं राहतं, शेंगा हाताशी येतात. लाकडाचा मोह नकोच, चुलीतही धड जळत नाही.

आमच्या फाटकाशी आता बकुळ आहे, भिंतीपासून चांगला लांब. गेल्या महिन्यात शेजारच्यांचा पीतमोहर काढायला तोच माणूस आला होता. तो आता वर चढत नाही, पाय आखडतो. खाली उभा राहून दोर धरतो. वर त्याचा मुलगा होता, पट्टा लावून. चहा द्यायला गेले तेव्हा तो आधी माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "बाई, जरा मागं. अजून मागं."