अंतःसाक्ष आणि शंका
जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या मॉर्मन पंथात प्रत्येक श्रद्धाळूला ईश्वरी साक्षात्कार होऊ शकतो, असे मानतात. ‘बुक ऑफ मॉर्मन’ वाचून मनापासून प्रार्थना केली की पवित्र आत्मा ग्रंथाच्या सत्यतेची साक्ष देतो, अशी शिकवण आहे. छातीत दाटणारी ऊब ही त्या साक्षीची खूण समजली जाते.

पंथ सोडणाऱ्या अनेकांची शंका नेमकी या खुणेवर येते. अनुभव खोटा होता असे ते सहसा म्हणत नाहीत, आणि ते रास्तच आहे; प्रश्न त्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा असतो. तशीच ऊब संगीताने किंवा दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेनेही दाटून येते. शिवाय साक्षात्कार परस्परविरोधी निघतात. मुख्य चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवले ते ईश्वरी प्रेरणेने, आणि फुटून निघालेल्या गटांनी ते चालू ठेवले तेही ईश्वराच्याच नावाने. खात्री कितीही तीव्र असली तरी ती ईश्वराकडून आली हे वेगळे सिद्ध करावे लागते, हा मुद्दा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १७०० मध्येच मांडला होता.

पंथ सोडला की साक्षात्कारावरचा विश्वास उडतोच, असे मात्र नाही. देवदूत पाहिल्याचे सांगून ग्रंथाच्या सत्यतेची साक्ष देणाऱ्या तिघांपैकी डेव्हिड व्हिटमर १८३८ मध्ये पंथाबाहेर पडले. ती साक्ष मात्र त्यांनी मृत्यूपर्यंत मागे घेतली नाही.