नैराश्य : मनाचा दुबळेपणा नव्हे, आजार

‘डॉक्टर, अंगात त्राणच नाही. एखादी सलाईन लावा, नाहीतर ताकदीचे इंजेक्शन द्या.’ असे म्हणणारे रुग्ण प्रत्येक दवाखान्यात येतात. कुणाचे डोके जड असते, कुणाची पाठ दुखते, कुणाची भूक गेलेली असते. रक्त-लघवी तपासली तर सारे ठीक निघते. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? पूर्वी ज्यात मन रमायचे, त्यात आता रमते का? पुष्कळदा या प्रश्नांनीच रुग्णाचे डोळे भरून येतात. दुखणे अंगाचे वाटले तरी त्याचे मूळ नैराश्यात, म्हणजे डिप्रेशनमध्ये असते.

घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, तर माणूस दुःखी होणारच. ते दुःख हळूहळू ओसरते. मात्र उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ रोज दिवसभर टिकले. सोबत झोप, भूक व एकाग्रता बिघडली, थकवा आला, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर तो आजार समजावा.

प्रकार

तीव्र नैराश्यात माणसाचे रोजचे कामच थांबते. दुसरा प्रकार सौम्य पण चिवट. तो दोन वर्षे किंवा त्याहून जास्त रेंगाळतो आणि लोक त्याला ‘स्वभाव’ म्हणतात. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना नैराश्य येते. त्याला बाहेरची बाधा समजू नये. चौथ्या प्रकारात कधी उदासी, तर कधी अवास्तव उत्साह, अखंड बडबड व उधळपट्टी असते. याचे उपचार वेगळे असल्याने अशा उत्साहाचे दिवस येऊन गेले असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

कारणे

कारण सहसा एकच नसते. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक बदल, कर्ज, कलह, एकटेपणा, दीर्घ आजार व दारू यांचा त्यात वाटा असतो. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी तपासणी करावी.

उपचार

सौम्य आजारात समुपदेशन, नियमित व्यायाम व ठराविक वेळी झोप यांनी बराच फरक पडतो. आजार मध्यम वा तीव्र असेल तर गोळ्या लागतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. नेमके याच काळात ‘गुण नाही’ म्हणून रुग्ण औषध सोडतो. दुसरी चूक म्हणजे बरे वाटताच गोळ्या बंद करणे. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ त्या घ्याव्या लागतात व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्या लागतात. नैराश्यावरच्या या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. नुसत्या झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. अतितीव्र आजारात भूल देऊन केलेला शॉकचा उपचार गुणकारी ठरतो.

घरच्यांसाठी

‘आळस सोड’, ‘मन खंबीर कर’ हे उपदेश नकोत. पाय मोडलेल्याला आपण पळायला सांगत नाही. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला तर ती धमकी समजू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, त्याच्या गोळ्या आपल्या हाताने द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. तिथे जाण्यात कमीपणा नाही.