चार मीटरच्या आतला संसार

एका रविवारी सकाळी मी सुताराची टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, डिझायर, अमेझ. कंपन्या पाच, गाड्या सहा. चार उंच, दोन डिकीवाल्या. वॉचमनकाकांनी आधी संशयाने पाहिलं, मग आपणहून टेपचं दुसरं टोक मागच्या बंपरला धरलं. टेप दर वेळी चार मीटरच्या खुणेच्या केसभर अलीकडे थांबली. या गाड्यांच्या अलीकडच्या माहितीपत्रकांत लांबी एकच छापलेली असते : ३९९५ मिलिमीटर.

“साहेब, सगळ्या एकाच साच्यातल्या का?” काकांनी विचारलं.

साचा एकच, खरं आहे. फक्त तो दिल्लीत, अर्थमंत्रालयात पडला. २८ फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि छोटी गाडी म्हणजे काय, तेही ठरवून टाकलं. लांबी ४००० मिमीपर्यंत. पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५०० पर्यंत. कमी इंधन पिणाऱ्या छोट्या गाड्या भारतात बनाव्यात, हा हेतू चांगलाच होता. पण व्याख्येत इंधनखपत नाही, धूर नाही, वजनही नाही. तपासनिसाला पट्टी लावून मोजता येईल तेवढंच आहे. पट्टी जिथे लागते तिथली गाडी बदलते, बाकीची तशीच राहते. हे एकदा लक्षात आलं की रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांचे चेहरे वाचता येतात.

मला हा नाद लागला तो मात्र एका पुस्तिकेमुळे. जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर, पाककृती आणि गाइडांच्या ढिगात, मॉरिस टेन या गाडीची तेलकट डागांची पुस्तिका मिळाली. आत तक्ता होता : चार सिलिंडर, बोअर ६३.५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ११४० सीसी. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. एवढं अरुंद आणि एवढं लांब सिलिंडर कोणी कशाला करील, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात राहिला.

उत्तर ब्रिटिश करखात्याकडे होतं. तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने इंजिनाची ताकद काढायचं एक सूत्र बसवलं होतं : बोअरचा इंचातला वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. स्ट्रोकचा पत्ताच नाही. १९१० साली गाड्यांवरचा कर या सूत्राला बांधला गेला आणि १९२१ पासून दर हिशेबी अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड असा सरळ भाव झाला. आता मॉरिसचं गणित करून पाहा. साडेत्रेसष्ट मिलिमीटर म्हणजे बरोबर अडीच इंच. अडीचचा वर्ग सव्वासहा. चार सिलिंडर, म्हणून पंचवीस. भागिले अडीच : दहा. ना कमी, ना जास्त. गाडीच्या नावातलं ‘टेन’ ही तिची ताकद नव्हे, करपावतीवरचा आकडा होता.

मला तर ही अडीच इंचांची गोष्ट एखाद्या रहस्यकथेपेक्षा कमी वाटत नाही. अभियंत्यांनी आधी कर पाहिला, मग भोक पाडलं. ताकद हवी म्हणून पिस्टनची धाव वाढवली, कारण धावेवर कर नव्हता. उलट अमेरिकेच्या मॉडेल टी फोर्डचं बोअर पावणेचार इंच; सूत्राने साडेबावीस अश्वशक्ती, म्हणजे २३ पौंड. ऑस्टिन सेव्हनला ८ पौंडांत भागायचं. इंग्रज गिऱ्हाईक सेव्हन, टेन, ट्वेल्व्ह अशी नावं घेत गाडी निवडायचा, तेव्हा खरं तर तो कराची पायरी निवडत होता.

आणि हे लोण आपल्यापर्यंत आलं. मुंबईत हा पौंडाचा हिशेब नव्हता. इथे १९२८ साली शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि रुंद छातीची अमेरिकन इंजिनं घाटांत दिसू लागली. पण हिंदुस्तान मोटर्सने ओखा बंदरात जुळवलेली ‘हिंदुस्तान टेन’ म्हणजे हीच मॉरिस. इथल्या सरकारने कधी न लावलेल्या कराचा आकडा नावात घेऊन ती इथल्या रस्त्यांवर धावली. ब्रिटनने मात्र सूत्र मोडीत काढून १९४८ पासून नव्या गाड्यांना सरसकट दहा पौंड केले.

मारुती ८०० चीही कुळकथा अशीच. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी जिच्या चाव्या दिल्या, ती मुळात सुझुकीची जपानी ‘केई’ वर्गातली गाडी. कर आणि नियमांत सवलत हवी तर तिथे तेव्हा लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ५५० सीसीच्या आत ठेवावं लागे. परदेशासाठी इंजिन ७९६ सीसीचं झालं, बांधा तोच राहिला. आपल्याकडच्या एका पिढीने सहकुटुंब महाबळेश्वर पाहिलं ते जपानी करदात्याच्या मापात बसून.

म्हणून २००६ नंतर जे घडलं त्याचं मला आश्चर्य वाटत नाही, कौतुकच वाटतं. टाटांची इंडिगो ४१५० मिमीची होती. २००८ साली तिची धाकटी बहीण इंडिगो सीएस आली, ३९८८ मिमी. सोळा सेंटिमीटर गेले, ते डिकीतून. २०१२ ला डिझायर ४१६० वरून ३९९५ वर आली. डिकी ४४० लिटरांची ३१६ लिटर झाली. त्याच वर्षी महिंद्राने साडेचार मीटरच्या झायलोला मागून कापून क्वांटो केली. चाकणच्या फोक्सवॅगनने तर खास भारतासाठी पोलोला डिकी जोडली, तीही चार मीटरच्या आतच, आणि अमिओ नाव दिलं. मागून पाहिलं की या गाड्यांना कुणीतरी दारात चिमटलंय असं वाटतं. लोकांनी नाकं मुरडली आणि रांगा लावून त्याच घेतल्या, कारण डिकीवाल्या गाडीचा मान आणि छोट्या गाडीचा कर एकाच किल्लीत मिळत होता.

हाच खेळ इंजिनातही झाला. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्राचं इंजिन २१७९ सीसीचं. पुढच्याच महिन्यात १.९९ लिटरचं इंजिन हजर! न्यायालयाने धूर पाहिला होता, आदेशात मात्र सीसी लिहिले. ऑगस्ट २०१६ ला एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन बंदी उठली. पुढे एसयूव्ही कशाला म्हणायचं यावर जीएसटी परिषदेत खल चालला. जमिनीपासूनची उंची १७० मिमी ही एक अट होती. पण ती माणसं बसल्यावर मोजायची की गाडी रिकामी असताना? जुलै २०२३ ला परिषदेने लिहून दिलं : रिकामी असताना.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के जीएसटी आहे. व्याख्या तीच, २००६ ची. त्यामुळे सुमारे अकराशे किलोची होंडा सिटी ‘मोठी’ म्हणून ४० टक्के भरते आणि तिच्याहून जड, बाराशे किलोंच्या पुढची पेट्रोल नेक्सॉन ‘छोटी’ म्हणून १८. विजेच्या गाडीला वजन कितीही असो, ५ टक्के. महाराष्ट्राचा रस्ता कर किंमत आणि इंधन पाहतो : पेट्रोलला ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. वजन इथेही कोणी विचारत नाही.

पूर्वी विचारायचे. १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा काढून बसलो, तेव्हा पहिल्या अनुसूचीत मोकळ्या गाडीच्या वजनाचे टप्पे सापडले : ७५० किलोपर्यंत, १५०० पर्यंत, २२५० पर्यंत, त्यापुढे. वडिलांच्या मारुतीचं मऊ पडलेलं आरसी बुक कपाटातून काढलं. मोकळ्या गाडीचं वजन, ६५० किलो. पहिला टप्पा. शेजारच्यांची प्रीमियर पद्मिनी नऊशेच्या घरात, दुसरा टप्पा. फ्रान्सने २०२२ साली १८०० किलोंच्या वर दर किलोला दहा युरो लावले आणि जगभर चर्चा झाली. आपण वजनावर कर घेत होतो आणि नंतर किमतीकडे वळलो, हे आपल्याच लक्षात नाही.

वजन आता परत आलंय, पण भांडण घेऊन. इंधनखपतीच्या नव्या निकषांच्या सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोंपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती. मारुतीचं म्हणणं, हलकी गाडी कमी पिते, तिला जगू द्या. टाटा आणि महिंद्रांचा विरोध. वजन घटवायला बक्षीस दिलं तर सुरक्षितता घटेल, असा टाटांचा युक्तिवाद. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मला खटकतो तो आकडा. ९०९! मॉरिसच्या अडीच इंचांची आठवण व्हावी इतका मापात शिवलेला.

माझं मत आता पक्कं झालंय : दोष वजनात नाही, लांबीतही नाही, दोष पायरीत आहे. पायरी दिसली की माणूस तिच्या कडेला येऊन उभा राहतो, आत एक मिलिमीटर राखून. नॉर्वेने २०२३ पासून पहिले ५०० किलो सोडून पुढच्या प्रत्येक किलोला साडेबारा क्रोनर लावले, विजेच्या गाड्यांनाही. तिथे कापून कुठल्या रेषेच्या आत येण्याची सोयच नाही. दहा किलो वाचवले तर दहा किलोंचा कर वाचतो, बस्स. पायऱ्यांऐवजी घाटरस्ता. आपल्याकडे तो लगेच बांधता येईल. नवं काही मोजावंही लागणार नाही. परवा नव्या गाडीचं प्लास्टिकचं आरसी कार्ड वडिलांच्या आरसी बुकाशेजारी ठेवून पाहिलं. मोकळ्या गाडीचं वजन त्यावरही छापलेलं आहे.