थेरपीचा उपयोग होतोय का, हे कसे ओळखाल?

"डॉक्टर, पाच वेळा जाऊन आले. बोलल्यावर हलकं वाटतं, पण घरी आलं की पुन्हा तेच. पुढे जाऊ की बंद करू?" नैराश्य किंवा चिंतेच्या त्रासासाठी थेरपी घेणाऱ्या रुग्णांकडून हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो.

प्रश्न रास्त आहे. ताप उतरला की नाही हे थर्मामीटर सांगतो, मधुमेहात रक्तातील साखर तपासता येते. थेरपीचा असा रिपोर्ट हातात पडत नाही. त्यामुळे काही जण दुसऱ्याच सेशननंतर जाणे सोडतात, तर काही जण फरक नसतानाही महिनोन्महिने फी भरत राहतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते. सुधारणा ओळखता येते, पण ती योग्य ठिकाणी शोधावी लागते.

सेशननंतर कसे वाटते, यावर ठरवू नका

मन मोकळे केले की बरे वाटते. ते चांगलेच आहे, पण ती सुधारणा नव्हे. सुधारणा दिसते ती दोन सेशनच्या मधल्या दिवसांत, तुमच्या रोजच्या जगण्यात.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. सेशननंतर थकवा आला, रडू आले, म्हणजे थेरपी चुकली असे नाही. समजा, लोकलच्या गर्दीत तुम्हाला पॅनिक अटॅक आला आणि तेव्हापासून तुम्ही ट्रेनने जाणेच सोडले. थेरपिस्ट तुम्हाला आधी नुसते स्टेशनवर जाऊन उभे राहायला सांगतील, मग दुपारच्या कमी गर्दीत ठाण्याहून मुलुंडपर्यंत एकच स्टेशन प्रवास करायला. त्या दिवसांत धडधड थोडी वाढेल. हा उपचाराचाच भाग आहे. महिन्याभराने तुम्ही आधीपेक्षा लांबचा प्रवास करू शकता का, हे महत्त्वाचे.

फरक किती दिवसांत दिसावा?

नैराश्य आणि चिंतेसाठी वापरली जाणारी सीबीटी ही थेरपी साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते १६ सेशन चालते. पहिली एक-दोन सेशन माहिती घेण्यात जातात. चार ते सहा सेशननंतर निदान छोटासा बदल जाणवायला हवा. लहानपणीचे अत्याचार किंवा अनेक वर्षांचा जुना त्रास असेल, तर अधिक वेळ लागतो. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. मधला एखादा आठवडा वाईट जातोच. म्हणून कालच्या दिवसाशी तुलना न करता महिन्याभरापूर्वीच्या स्वतःशी करा.

कोणते बदल पाहाल?

- झोप आणि भूक: झोप लागायला पूर्वीइतकाच वेळ लागतो का? जेवण जाते का?
- टाळाटाळ: नातेवाइकांचे फोन, लग्नकार्य, ऑफिसमधली मीटिंग असे टाळलेले एखादे तरी काम पुन्हा सुरू झाले का?
- सावरायला लागणारा वेळ: पूर्वी साहेब रागावले की तीन दिवस वाईट जायचे. आता संध्याकाळपर्यंत सावरता का?
- विचार ओळखणे: "माझ्याकडून काहीच होत नाही" हा विचार आला की "हा माझा विचार आहे, वस्तुस्थिती नाही" असे लक्षात येते का?
- स्पष्ट बोलणे: न जमणाऱ्या गोष्टीला शांतपणे नाही म्हणता येते का?

यातील दोन गोष्टींत जरी फरक असला, तरी थेरपी चालू ठेवण्यासारखी आहे.

एक सोपे मोजमाप

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. मागील दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण गुण ० ते २७. चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ आहे. थेरपिस्टकडून किंवा तुमच्या डॉक्टरांकडून ती भरून घ्या आणि दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा भरा. पीएचक्यू-९ चे गुण ५ किंवा अधिकने कमी झाले, तर ती खरी सुधारणा मानतात. मात्र नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर शून्य नसेल, तर एकूण गुण कितीही असोत, लगेच डॉक्टरांना सांगा.

फरक दिसत नसेल तर

१. आधी थेरपिस्टशीच बोला. "मला अजून फरक वाटत नाही" हे सांगण्यात संकोच नको. चांगला थेरपिस्ट यावर चिडत नाही, उपचाराची दिशा तपासून बघतो. आपण नेमके कशासाठी काम करत आहोत, हेही विचारा.

२. शरीराची तपासणी करा. थायरॉइड कमी असणे, रक्त कमी असणे, बी-१२ ची कमतरता यांमुळेही थकवा आणि उदासी राहते. रोज दारू घेत असाल तर तेही मोकळेपणाने सांगा. दारूने नैराश्य वाढते.

३. औषधांची गरज आहे का, ते विचारा. त्रास मध्यम ते तीव्र असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ थेरपीबरोबर औषधेही सुचवू शकतात. चालू असलेली औषधे मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका.

४. थेरपिस्ट बदलणे हा गुन्हा नाही. सूर जुळणे उपचारात फार महत्त्वाचे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जात असाल, तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

थेरपिस्ट तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सगळे सांगत असेल, लगट करत असेल, तुम्हाला कमी लेखत असेल किंवा डॉक्टरांना न विचारता औषधे बंद करायला सांगत असेल, तर सहा सेशनची वाट पाहू नका. तिथे जाणे थांबवा. जिवाला धोका असल्याशिवाय तुमचे बोलणे गुप्त राहिलेच पाहिजे.

घरच्यांसाठी

"आज काय बोललात?" असे प्रत्येक वेळी विचारू नका. "या आठवड्यात झोप बरी लागते आहे का?" एवढे विचारणे पुरेसे आहे. आणि एक गोष्ट समजून घ्या. वर्षानुवर्षे सगळ्याला मान डोलावणारी बायको किंवा सून थेरपीनंतर एखाद्या गोष्टीला नाही म्हणू लागली, तर ती बिघडली असे घरच्यांना वाटते. अनेकदा तीच सुधारणेची खूण असते.

वाट पाहू नये अशी वेळ

जीव देण्याचे विचार येत असतील, रुग्ण तसे बोलत असेल, किंवा खाणे-झोपणे पूर्ण थांबले असेल, तर पुढच्या सेशनपर्यंत थांबू नका. रुग्णाला एकटे सोडू नका. जवळच्या रुग्णालयात न्या किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

बाकी सगळ्यांनी आज एक काम करावे. झोप, टाळलेले एक काम आणि सर्वांत जास्त छळणारा एक विचार, यांची सध्याची स्थिती तीन ओळींत वहीत लिहून तारीख घाला. महिन्याने तेच पान उघडा, पुन्हा तीन ओळी लिहा आणि ती वही पुढच्या सेशनला सोबत न्या. थेरपी चालू ठेवायची की बदलायची, हे ठरवायला तुमच्या हातात काहीतरी ठोस असेल.