ऑईल फिल्टर किती आवळायचा? हाताने की पान्याने?



आजचा विषय थोडा वेगळा आहे. गॅरेजमधला आहे, पण त्याचं उत्तर आपल्या शाळेच्या विज्ञानात आहे.

गाडीचं ऑईल बदलताना ऑईल फिल्टरही बदलतात. नवीन फिल्टर बसवताना एक मिस्त्री म्हणतो, "हातानंच कसायचा, पाना लावायचाच नाही." दुसरा पाना लावतो आणि जोर लावून आवळतो. विचारलं तर म्हणतो, "ढिला राहिला तर ऑईल गळेल ना!" आता यात खरं कोणाचं?

प्रश्न लहान वाटतो, पण त्यावर अख्खं इंजिन अवलंबून आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यापुरतं बघा. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. हा रस्ता आपल्या कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. आधी गावातल्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने चालणारी गाडी आता तिथे १२० च्या वेगमर्यादेपर्यंत पळते. म्हणजे मिनिटाला २ किलोमीटर. लहान गाडीच्या इंजिनात साधारण ३ ते साडेतीन लिटर ऑईल असतं. फिल्टरची रिंग अशा वेगात सुटली, तर पंप ते ऑईल एक-दोन मिनिटांत रस्त्यावर ओतून मोकळा होऊ शकतो. ऑईल संपलेलं इंजिन चालू राहिलं तर जाम होतं. फिल्टर काही शे रुपयांचा, इंजिनाचं काम मात्र हजारोंच्या घरात जातं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

फिल्टर करतो काय?

इंजिनातले धातूचे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर लागतो. हे ऑईल फिरत असताना त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस मिसळतो. तो गाळून काढायचं काम फिल्टरचं. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी गाडीसाठी असा फिल्टर तयार केला आणि त्याला 'प्युरोलेटर' नाव दिलं. पुढे १९५० च्या दशकात डब्यासारखा, फिरवून बसवायचा फिल्टर आला. आज बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांना आणि कित्येक ट्रॅक्टरांनाही असाच फिल्टर असतो.

जुना फिल्टर हातात घेऊन बघा. तोंडाच्या बाजूला मध्ये एक मोठं भोक आहे, त्याला आतून आटे आहेत. भोवती लहान लहान भोकं आहेत. अगदी कडेला खाचेत बसवलेली काळी रबरी रिंग आहे. ऑईल लहान भोकांतून आत जातं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून परत इंजिनात येतं.

गळती कोण थांबवतं?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. आटे फिल्टरला धरून ठेवतात. ऑईल अडवण्याचं काम ती रबरी रिंग करते. रिंग इंजिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर थोडी दाबली गेली, की रबर बारीकसारीक खळग्यांत शिरतं आणि वाट बंद होते. आपल्या घरचा कुकर आठवा. त्याचं झाकण आपण ठोकून बसवत नाही. रिंग चांगली, स्वच्छ आणि जागेवर असली की वाफ बाहेर येत नाही. रिंग चिरलेली असेल तर झाकण कितीही दाबा, वाफ येणारच. फिल्टरचंही तसंच आहे.

मग फिल्टर ढिला चालेल का? नाही. आठवीच्या विज्ञानात आपण 'बल व दाब' शिकवतो, तो हिशोब इथे लावू. गरम इंजिन वेगात असताना ऑईलचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो. १ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास १ किलोचं बल. रिंगचा व्यास ६ सेंमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंमी. ५ बार दाब असेल तर २८ × ५ म्हणजे १४० किलो. एक माणूस खांद्यावर मोठं पोतं घेऊन उभा राहावा, एवढ्या बलाने ऑईल त्या छोट्या डब्याला इंजिनापासून दूर ढकलत असतं. रिंग पुरेशी दाबलेली नसेल तर ऑईलला फट सापडते.

पाऊण फेऱ्याचा हिशोब

म्हणजे ढिला नको आणि जास्त घट्टही नको. मग नेमका किती?

अनेक फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर उत्तर छापलेलं असतं: रिंग टेकल्यानंतर पाऊण फेरा. सुझुकीच्या अनेक लहान पेट्रोल इंजिनांच्या सर्व्हिस पुस्तिकेतही हेच सांगितलं आहे, आणि सोबत १४ न्यूटन-मीटर हा आकडा दिला आहे.

पाऊणच का? मळसूत्र एक पूर्ण फेरा फिरलं की दोन आट्यांमधल्या अंतराएवढं पुढे सरकतं. या फिल्टरमध्ये नेहमी आढळणाऱ्या आट्यांत हे अंतर साधारण दीड मिलिमीटर असतं. म्हणून पाऊण फेऱ्यात फिल्टर १.५ × ०.७५, म्हणजे सव्वा मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी पुढे जातो. रबर तेवढंच दाबलं जातं. त्याला तेवढंच हवं असतं.

आता कोणी पान्याने आणखी एक पूर्ण फेरा मारला तर? रबर आणखी दीड मिलिमीटर दबायला बघेल. ते चपटं होईल, खाचेतून बाहेर सरकेल, कधी फाटेल. पत्र्याचं बूड वाकू शकतं. गळती कमी तर होत नाहीच, उलट होण्याची शक्यता वाढते. शिवाय पुढच्या वेळी तो फिल्टर निघता निघत नाही. मग चेन पाना लावा, डबा चेंगरा, पेचकस आरपार घाला, असे उद्योग सुरू होतात.

म्हणून लक्षात ठेवायचं वाक्य एकच: जोर मोजू नका, फेरा मोजा.

मग हात की पाना?

हातानेच आवळायचा हा सल्ला कुठून आला, ते समजण्यासारखं आहे. सहावीत 'साधी यंत्रे' शिकवताना आपण सांगतो की दांडा लांब असेल तर कमी बल पुरतं. फिल्टरचा व्यास साडेसहा सेंमी असेल तर हाताची पकड केंद्रापासून सव्वातीन सेंमीवर असते. तिथे १४ न्यूटन-मीटर मिळवायला पंजाच्या पकडीतून सुमारे ४३ किलोचं बल लागतं. ते सोपं नाही. हात ऑईलने माखलेला असेल तर तो घसरतो. म्हणजे हाताने फिल्टर सहसा प्रमाणाबाहेर आवळला जातच नाही. त्या सल्ल्यात हा शहाणपणा आहे.

पाना २० सेंमी लांब असेल तर त्याच कामाला फक्त ७ किलोचं बल पुरतं. भरलेली शाळेची बॅग उचलण्याएवढं! आणि कोणी सवयीने ३० किलोच्या बलाने पाना ओढला तर ६० न्यूटन-मीटर होतात. सांगितल्याच्या चौपटीहून जास्त. पाना ओढणाऱ्याला मात्र वाटतं, आपण बेताचाच जोर लावला.

पण हाताची एक अडचण आहे. लहान फिल्टर, अवघड जागा, कमजोर पकड असेल तर हात अर्ध्या फेऱ्यावरच थांबतो. तेव्हा पाना लावायला हरकत नाही. सुझुकीची पुस्तिकाही हा शेवटचा पाऊण फेरा फिल्टरच्या पान्यानेच मारायला सांगते. नियम असा ठेवा: सुरुवात नेहमी हाताने, रिंग टेकेपर्यंत हातानेच. पुढचा पाऊण फेरा कोरड्या हाताने झाला तर उत्तम. नाही झाला तर पान्याने पूर्ण करा, पण खुणेवर थांबा.

पायरी पायरीने

१. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जाऊ नका, मजबूत स्टँड लावा. इंजिन कोमट असू द्या, चटका बसेल इतकं गरम नको.

२. जुना फिल्टर काढल्यावर आधी त्याच्या तोंडाशी रबरी रिंग आहे का ते बघा. नसेल तर ती इंजिनाला चिकटून राहिली आहे. ती काढल्याशिवाय नवीन फिल्टर लावू नका. दोन रिंगा एकावर एक आल्या तर फिल्टर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि ऑईल धो धो वाहतं. फिल्टर बसवतानाच्या चुकांमध्ये ही सगळ्यात महाग पडणारी.

३. इंजिनाचा टेकण्याचा पृष्ठभाग स्वच्छ फडक्याने पुसा. मातीचा एक कणही रिंगखाली फट ठेवतो.

४. नवीन रिंगला बोटाने थोडं ताजं ऑईल लावा. कोरडं रबर धातूवर अडखळतं, पिळलं जातं आणि फिल्टर पुरेसा दबला नसतानाही घट्ट लागतो. घर्षण आपल्याला फसवतं. ऑईल लावलेली रिंग सहज सरकते आणि पुढच्या वेळी चिकटूनही बसत नाही.

५. फिल्टर हाताने फिरवत आटे लावा. सुरुवातीलाच अडकला तर जोर करू नका. आटे तिरके लागले असतील. उलटा फिरवून पुन्हा लावा.

६. रिंग टेकली की हाताला हलका अडथळा कळतो. तिथे थांबा आणि डब्यावर पेनाने खूण करा. काही डब्यांवर १ ते ४ आकडे छापलेले असतात. टेकताना जो आकडा समोर असेल, तिथून तिसरा आकडा समोर आला की पाऊण फेरा झाला. खूण घड्याळातल्या १२ वर असेल तर ती ९ वर येईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा.

७. नवीन ऑईल भरल्यावर इंजिन सुरू करा, रेस करू नका. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. मग खाली वाकून फिल्टरच्या कडेला बघा. इंजिन बंद करून थोडं थांबा, डिपस्टिकवर पातळी तपासा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा खाली नजर टाका. फिल्टर कोरडा असेल तर 'अजून थोडा कसू' असं करायची गरज नाही.

दोन सूचना. तुमच्या गाडीच्या फिल्टरवर पाऊणऐवजी वेगळा आकडा छापला असेल तर तोच पाळा. आणि अनेक डिझेल व काही पेट्रोल गाड्यांत डब्याऐवजी नुसता कागदी फिल्टर प्लास्टिकच्या टोपीत बसतो. तिथे पाऊण फेऱ्याचा नियम लागू नाही. त्या टोपीवरच बऱ्याचदा न्यूटन-मीटरचा आकडा असतो. तो टॉर्क पान्याने पाळावा, नाहीतर टोपी तडकते.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

आपण सगळे काही स्वतः ऑईल बदलत नाही. पण शेजारी उभं राहून तीन प्रश्न नक्की विचारू शकतो: "दादा, जुनी रिंग निघाली का? नव्या रिंगला ऑईल लावलं का? टेकल्यावर किती फेरा दिला?" चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि गाडी चालवताना ऑईलचा लाल दिवा लागला तर 'पुढच्या गावात बघू' म्हणू नका. समृद्धीवर असाल तरी डाव्या कडेला सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन लगेच बंद करा.

वर्गात करून बघा

मुलांना झाकणाची एक बाटली द्या. झाकणावर आणि बाटलीवर पेनाने खूण करायला सांगा. झाकण टेकल्यापासून पाणी गळायचं थांबेपर्यंत किती फेरा लागतो, ते मोजू द्या. मग विचारा: यापेक्षा जास्त आवळून काही फायदा झाला का? झाकण उघडायला किती त्रास झाला? दीड मिलिमीटर गुणिले पाऊण हे गणित फळ्यावर मांडा. पट्टीने सव्वा मिलिमीटर दाखवा.

आपल्याकडची कितीतरी मुलं घरी ट्रॅक्टर बघतात, सुट्टीत गॅरेजवर जातात, पुढे आयटीआयला जातात. दाब, घर्षण, तरफ आणि मळसूत्र हे चारही धडे त्यांच्या हातात एका डब्यात मावतात. 'जास्त आवळलं म्हणजे जास्त चांगलं' हा समज एकदा हिशोबाने मोडला, की ती मुलं पुढे कुठलाही नट आवळताना आधी विचारतील: याला किती फेरा सांगितला आहे?