खारट आमटीचा मेगाब्लॉक

रविवार, दुपारचे बारा. स्थळ : डोंबिवली पूर्वेतला आमचा वन-बीएचके. सासूबाई-सासरे ठाण्याहून जेवायला निघालेले आणि गॅसवर आमटी रटरटतेय. मी मीठ घातलं. मी कोथिंबीर निवडत असताना नवऱ्यानेही घातलं, न विचारता! चव घेतली आणि दोघांचेही चेहरे पडले.

कल्याणला आईला फोन लावला. "बटाटा टाक गं, मीठ ओढून घेतो." टाकला. वीस मिनिटांनी चव बघितली, आमटी तश्शीच! कारण बटाटा नुसतं मीठ ओढत नाही, खारं पाणी शोषतो. उरलेला रस जवळजवळ तेवढाच खारट राहतो.

"गूळ आणि आमसूल वाढव ना," नवऱ्याची आयडिया. चव झाकली गेली असती, पण मीठ होतं तिथेच. आणि सासऱ्यांना बीपी आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे म्हणते. त्यांच्या वाटीत गोडव्याखाली मीठ लपवायचं? मन धजेना.

मग साधा हिशोब केला. मीठ काढता येत नाही, वाटून टाकता येतं. चार वाट्या आमटीत दुप्पट मीठ पडलंय ना, मग आणखी चार वाट्या बिनमिठाची करून त्यात मिसळायची. पण वेळ? त्या दिवशी मेगाब्लॉक आयुष्यात पहिल्यांदा पावला! गाड्या रखडल्या, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. निम्मी आमटी डब्यात भरून शेजारच्या काकूंकडे गेली.

हीच युक्ती बाकीच्या पदार्थांनाही लागू पडते. कोबीची भाजी खारट झाली, तर भिजवून वाफवलेली मूगडाळ आणि ओलं खोबरं घाला. पोहे खारट झाले, तर आणखी मूठभर भिजवून मिसळा. सोबतच्या पोळ्या बिनमिठाच्या लाटा.

तिखटाचं गणित मात्र वेगळं. मिरचीतला झणका पाण्यात फारसा विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. म्हणून ठाण्यात मामलेदारची मिसळ खाऊन कितीही पाणी प्यायलं तरी जीभ भाजतच राहते. दूध-ताकाने बरं वाटतं. घरचा रस्सा जहाल झाला, तर नारळाचं दूध किंवा दाण्याचं कूट घाला. दही घालायचं असेल तर आधी घुसळा आणि गॅस मंद ठेवा, नाहीतर फाटेल.

दीड वाजता बेल वाजली. सासऱ्यांनी आमटीची दुसरी वाटी मागितली, वर म्हणाले, "जरा मीठ वाढ गं."

मी नवऱ्याकडे बघितलं. मिठाची बरणी त्याने आधीच लपवली होती!